भाकरीचे आजोळ

मागल्या दिवाळीत नेकनूरच्या आमच्या स्वयंपाकघरात एक लहानशी लढाई झाली. एका बाजूला आमच्या वहिनी, वय वर्षे शहात्तर. दुसऱ्या बाजूला माझा नातू, इयत्ता सातवी, मुक्काम पुणे. लाडू-करंज्या खाऊन सर्वांची तोंडे मिटली होती, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी ज्वारीची भाकरी, पिठले आणि फोडलेला कांदा असा बेत केला. चिरंजीव पाटावर बसले आणि पहिला घास मोडता मोडता म्हणाले, "आजी, तुला माहीत आहे का? ज्वारी आपली नाहीच मुळी. ती आफ्रिकेतून आलीय. आमच्या सरांनी सांगितलं."

वहिनींचा हात काटवटीतच थांबला.

"कुठून म्हणलास?"

"आफ्रिकेतून. साधारण चार हजार वर्षांपूर्वी."

"अरे जा! माझ्या सासूच्या सासूनं ह्याच काटवटीत भाकर थापली. ती काय आफ्रिकेची होती? तुमच्या पुण्यातली असंल तिकडली. ही आपल्या वरच्या पट्टीतली आहे." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढे शिकलेले, सांगा की त्याला!"

मी मान खाली घालून पिठल्यात भाकरी कालवीत राहिलो. वहिनींना वाटले, जेवताना बोलायचे नाही हा जुना नेम मी पाळतो आहे. खरी गोष्ट निराळी होती. नातू म्हणत होता ते खरे आहे, हे मला १९९९ सालापासून ठाऊक होते. ते मला कोणा गुरुजींनी सांगितले नव्हते; एका फायलीत ते लिहिलेले होते. आणि ती फाइल मी माझ्या हाताने, माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा मारून बंद केली होती.

त्या फायलीची हकीकत आजवर मी घरात कोणाला सांगितली नाही. सेवानिवृत्त माणसाने आपल्या नोकरीच्या कथा सांगाव्यात त्या आपल्या हुशारीच्या, असा रिवाज आहे. ही माझ्या हुशारीचीच कथा आहे. फक्त तिचा शेवट बरा झाला नाही.

आमचे गाव बीडहून फार दूर नाही. बीडहून दक्षिणेला निघाले की बालाघाटाचा घाट चढून मांजरसुंब्याला यायचे, तिथून केजच्या वाटेला लागायचे, की नेकनूर. पुण्यातल्या लोकांना बीड म्हटले की दुष्काळ आणि ऊसतोडणी एवढेच आठवते. पण आमचा मुलूख जुना आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे प्रजाजन, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे, मग मुंबई राज्याचे आणि १९६० पासून महाराष्ट्राचे. माझ्या वडिलांच्या शाळेची भाषा उर्दू, घरची मराठी, आजोबांच्या दप्तराची मोडी आणि त्याच्याही आधीच्या सनदा-पत्रांची फारसी. एका माळवदाखाली चार लिखावटी नांदत. आम्हांला त्यात विशेष काही वाटत नसे. घरात जसा एक खोडकर काका असतो, तशी एक न वाचता येणारी पेटी असते, एवढेच.

ती पेटी सागवानी होती. आमच्याकडे पूर्वी गावचे दप्तर असे, त्याचे उरलेसुरले कागद तिच्यात होते. लहानपणी आम्ही भावंडे तिच्यावर चढून बळदातल्या ज्वारीत हात घालत असू. पेटीचा तेवढाच उपयोग.

पुढे मी शिकायला बाहेर पडलो आणि पुण्याच्या एका शिक्षणसंस्थेत हिशेब खात्याला चिकटलो. तिथे एकतीस वर्षे काढली. संस्थेत संशोधनासाठी अनुदान देणारी एक समिती होती. समितीवर मोठमोठे प्राध्यापक असत. मी कोपऱ्यात फायली घेऊन बसे. प्राध्यापक विद्वत्तेची बाजू पाहत, मी पैशाची. बाब कोणती, लेखाशीर्ष कोणते, एकतीस मार्चच्या आत रक्कम खर्ची पडेल की नाही, उपयोगिता प्रमाणपत्र कोण देणार, हे माझे प्रश्न. वाचकहो, हे प्रश्न क्षुद्र नाहीत बरे. पैसा लोकांचा असतो. तो कशावर खर्च झाला हे विचारणारा एक तरी माणूस खोलीत हवा. तो मी होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

१९९९ च्या पावसाळ्यात समितीपुढे एक विचित्र अर्ज आला. अर्जदार तीन. पहिल्या आमच्याच भागातल्या, अंबाजोगाईकडच्या एक तरुण बाई. त्यांचा विषय पुरातत्त्व, म्हणजे उत्खनन. दुसरे मराठवाड्यातल्याच एका कॉलेजातले फारसीचे प्राध्यापक. तिसरे मुंबईचे, आफ्रिकेच्या इतिहासाचा अभ्यास करणारे. ह्या तिघांना मिळून पैठण ते तेर ह्या पट्ट्यातल्या गावांचा अभ्यास करायचा होता. पांढरीच्या मातीतून जुने धान्य शोधायचे, विहिरी-बारवांवरचे आणि दर्ग्यांवरचे लेख वाचायचे, घराघरांतली दप्तरे पाहायची, आणि ह्या सर्वांतून आमच्या मुलखाचा आफ्रिकेशी नि अरबी समुद्रापलीकडच्या देशांशी काय संबंध आला ते मांडायचे. ज्वारी-बाजरी ही धान्ये मूळची आफ्रिकेची, हे वाक्य मी पहिल्यांदा त्या अर्जात वाचले आणि हसलो. मागितलेली रक्कम म्हणाल तर आमच्या संस्थेच्या वर्षाच्या चहापाण्याएवढी.

चर्चा अतिशय सभ्यपणे झाली. पुरातत्त्वाचे सभासद म्हणाले, "कल्पना उत्तम आहे, पण ह्यात अर्धा भाग फारसी वाचनाचा आहे. तो भाषेकडे जावा." भाषेचे सभासद म्हणाले, "कल्पना फारच उत्तम. पण भाषेच्या पैशातून माती खणायची कशी?" तिसरे एक सभासद म्हणाले, "आफ्रिकेचा विभाग आपल्याकडे नाहीच." मग चहा आला. चहा झाल्यावर अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "साहेब, शीर्ष नाही. 'किरकोळ'मध्ये घातलं तर ऑडिट आक्षेप घेईल."

सर्वांना हायसे वाटले. कोणी नाही म्हटले नव्हते आणि अर्ज नामंजूर झाला होता. मी शेरा लिहिला: "सदर प्रस्ताव कोणत्याही एका लेखाशीर्षाखाली बसत नाही. सबब मूळ अर्जदारास परत." अर्जाला एक पुरवणी जोडलेली होती, कोणकोणत्या गावी कोणाकोणाकडे कागद आहेत त्याची यादी. तिच्यात रकमा नव्हत्या, म्हणून मी ती वाचली नाही.

आठवड्याने त्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, तिघांनी मिळून एक गोष्ट पाहायची असेल, तर अर्ज कुठं करायचा?"

मी म्हणालो, "बाई, तीन अर्ज करा ना."

त्या हसल्या. "मग उत्तरंही तीनच येतील," म्हणाल्या आणि फाइल घेऊन गेल्या. त्यांचे ते वाक्य मला तेव्हा नुसते शब्दांचे खेळणे वाटले.

सात वर्षांनी, २००६ साली, दादाने जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधायला काढले. मी आठ दिवसांची रजा घेऊन नेकनूरला गेलो. माळवद उतरवलेले, भिंती उघड्या पडलेल्या. अंगणात ती सागवानी पेटी होती. झाकण उघडले तर आत तपकिरी भुसा. वाळवीने कागद असे खाल्ले होते की गठ्ठ्याचा आकार तसाच होता. बोट लावले की तो आत कोसळे. एका बाजूचे थोडे कागद तेवढे शाबूत होते. दादाने ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवले होते.

मी हळहळलो. दादा म्हणाला, "काय करू सांग. एक बाई येणार होती बग ते वाचायला. अंबाजोगाईकडची. एकदा येऊन पेटी बघून गेली, नावनिशी लिहून घेतली. म्हणाली, पैसे मंजूर झाले की फारसीवाले सर घेऊन येते, तवर कशाला हात लावू नका. मी दोन वर्षं हात लावला नाही. मग पाऊस गळाला."

मी काही बोललो नाही. रात्री झोपही लागली नाही. त्या पुरवणीत नेकनूरच्या एका घराचे नाव होते आणि ते घर आमचे होते! मी शेरा मारला तो माझ्याच आजोबांच्या पेटीवर.

आता कोणी म्हणेल, त्या पेटीत असे काय मोठे असणार? तेच मी मनाला अनेक दिवस समजावत होतो. पण निवृत्तीनंतर हातात वेळ आला, चष्मा आणि ग्रंथालय दोन्ही होते, आणि मनात ती खुपणारी गोष्ट होती. मी वाचू लागलो. विद्वान होण्याचे वय नव्हते. त्या अर्जात काय मागितले होते एवढेच समजून घ्यायचे होते. जसजसे वाचत गेलो, तसतसा माझा शेरा मला अधिकाधिक बोचू लागला.

पहिली गोष्ट नकाशाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. तांबड्या समुद्रातून निघणाऱ्या गलबतांसाठी ते मार्गदर्शक होते. त्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरे आहेत, अरबस्तानातली आहेत, आणि भडोच बंदराच्या मजकुरात आपले पैठण आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही दोन्ही गावे आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवसांच्या. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात आणि तगरहून कापड, असे तो लिहितो. मी नातवाची पट्टी घेतली आणि नकाशावर पैठण ते तेर ठेवली. नेकनूर त्या रेषेच्या अगदी जवळ पडते. जुना रस्ता आमच्याच गावावरून जात होता असे मी म्हणत नाही. पण तो जिथून जात असेल, तिथून आमचे गाव हाकेच्या अंतरावर असणार. आफ्रिका आणि आम्ही दोन हजार वर्षांपूर्वी एकाच पुस्तकाच्या पानांत होतो. आमच्या संस्थेत मात्र एका फायलीत मावलो नाही.

ह्या व्यापाराच्या खुणा जमिनीतही सापडल्या आहेत. डेक्कन कॉलेजातून डॉ. हसमुख सांकळिया १९३९ पासून हे काम करीत होते. १९५४ ते ५६ मध्ये त्यांनी नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा भूमध्य समुद्राकडल्या मद्याच्या उभट रांजणांची खापरे निघाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत तर पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी ब्राँझची मूर्ती मिळाली. खापर ओळखायला खणणारा लागतो आणि पुस्तक वाचायला भाषा जाणणारा. दोघे एका खोलीत बसले नाहीत तर खापर मुके राहते आणि पुस्तक आंधळे.

दुसरी गोष्ट मलिक अंबरची. आपण शाळेत त्याचे नाव वाचतो, जमीनमहसुलाची पद्धत पाठ करतो आणि विसरतो. हा मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. जन्म १५४८ च्या सुमारास. लहानपणीचे नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादला पोचला, पुढे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या ज्या पेशव्याने त्याला विकत घेतले, तो चंगीझखानही हबशीच. ह्या गुलामाने पुढे निजामशाही सावरली, १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली (आजचे छत्रपती संभाजीनगर), तिला नहरींचे पाणी दिले, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे.

आता ह्या एका माणसाचे चरित्र लिहायचे तर काय काय लागेल? इथिओपियाचा इतिहास लागेल. अरबी लागेल, फारसी लागेल, मोडी लागेल. नहरी आणि दरवाजे मोजणारा पुरातत्त्वज्ञ लागेल. महसुलाचे कागद हवेत, आणि ते खेड्यापाड्यांत, बळदाशेजारच्या पेट्यांत असतात. एवढे सगळे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी ह्यांच्यासारखी फारसीत मुरलेली मराठी माणसे होऊन गेली. पण त्यांनीही एकट्यानेच दिवा लावून काम केले. एकट्याचे काम एकट्याबरोबर संपते.

तिसरी गोष्ट अर्थातच भाकरीची. ज्वारीचे रानटी वाण आफ्रिकेतले. माणसाने ती शेतात लावून माणसाळवली ह्याचा जुना पुरावा पूर्व सुदानमध्ये मिळाला, तो २०१७ साली जगापुढे आला. कसा मिळाला ते ऐकण्यासारखे आहे. कुंभाराने मडक्याच्या मातीत कणसाचा भुसा मिसळला होता. भुसा जळून गेला. खापरात त्याचे ठसे राहिले. ते ठसे पाच हजारांहून अधिक वर्षे जुने. बाजरीचाही पुरावा असाच, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या खापरांत सापडला. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ही तिन्ही धान्ये चार हजार वर्षांच्या मागे-पुढे आपल्याकडे आली. नेमकी केव्हा, ह्यावर पंडितांत अजून वाद आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन झाले, तिथल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे मुख्य धान्य सातू होते. म्हणजे एकेकाळी दख्खनेतली बाई सातूचे खात होती, आणि कधीतरी कोणीतरी तिच्या पदरात ही पाहुणी टाकली. पाहुणी राहिली ती घरचीच होऊन राहिली.

हे दाणे शोधतात कसे, तेही वहिनींना कळेल असेच आहे. जुन्या वस्तीची माती पाण्यात घालून ढवळायची. माती खाली बसते, जळके दाणे वर तरंगतात. तांदूळ धुताना फोल वर येते तसे. ह्यासाठी लागते पिंप, चाळणी, पाणी आणि हजारो दाणे भिंगाखाली बसून ओळखणारे धीराचे माणूस. यंत्रे महाग असतात. पण सर्वांत महाग असतो तो हा धीर. कारण त्याचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याचे फळ कोणत्या वर्षी येईल ते सांगता येत नाही.

मग मी पैशाचा शोध घेतला. तो माझा विषय! जगात हे कोणी कसे केले? लंडनला १९१६ साली पौर्वात्य विद्यांची एक शाळा स्थापन झाली. १९३८ साली तिच्या नावात 'आफ्रिका' हा शब्द घातला गेला, म्हणजे दोन खंड एका छपराखाली आले. आपल्याकडेही दिल्ली विद्यापीठात १९५५ साली आणि मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिकेच्या अभ्यासाची सोय झाली. १९६१-६२ मध्ये आस्वान धरणाच्या पाण्याखाली नूबिया जाणार होता, तेव्हा बी. बी. लाल ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताचे पथक नाईलकाठी जाऊन खणून आले. म्हणजे आपल्याला हे सुचत नव्हते असे नाही.

अलीकडे युरोपीय संशोधन परिषदेने अशा जोडकामांना मोठी अनुदाने दिली. ऑक्सफर्डच्या निकोल बोइविन ह्यांनी हिंदी महासागराच्या दोन्ही काठांचा अभ्यास अशा अनुदानावर केला. भाषापंडित फार पूर्वीपासून सांगत होते की आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची भाषा दूरच्या बोर्निओतल्या भाषेची बहीण आहे. पण जमिनीत पुरावा नव्हता. २०१६ मध्ये मादागास्कर आणि कोमोरो बेटांतल्या जुन्या वस्त्यांत आशियातला तांदूळ आणि मूग सापडल्याचे प्रसिद्ध झाले. भाषेने सांगितलेली गोष्ट धान्याने कबूल केली. तीन अर्ज केले असते तर हे झाले नसते!

आणि घराजवळचे उदाहरण पैठणचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते आणि ब्रिटनमधली दक्षिण आशियाच्या अभ्यासाची एक संस्था ह्यांनी मिळून तिथे नागघाटापाशी उत्खनन केले. त्याचा संपूर्ण अहवाल २०२० साली ग्रंथरूपाने निघाला. ब्रिटिश म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी आणि लंडनची ती आशिया-आफ्रिकेची शाळा ह्या तिघांना मिळून युरोपीय परिषदेने एक अनुदान दिले होते. त्यातून चाललेल्या ग्रंथमालेत तो आला. खणणे आणि छापणे ह्यांत वीस वर्षांहून अधिक अंतर. मी हिशेबाचा माणूस. त्या अंतराचा अर्थ मला लगेच कळतो. खणण्यासाठी पैसे मागता येतात. खणल्यावर बसून मोजण्यासाठी, वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी मागायला गेले की आमच्यासारखा कोणीतरी विचारतो, "पण काम तर संपलं ना?"

मी माझ्या खात्याची बाजू सोडत नाही. शीर्षे हवीत, व्हाउचरे हवीत, तपासणी हवी. पण आता मला वाटते, प्रत्येक संस्थेत एक शीर्ष असे असावे की ज्यात दोन खात्यांनी मिळून हात घातल्याशिवाय पैसा निघूच नये. एकट्याने मागितला तर मिळणार नाही, असा तो नियम. एकतीस मार्चची त्याला सुट्टी असावी, कारण उत्खनन पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. आणि रकमेचा चौथा हिस्सा आधीच कुलूप घालून ठेवावा, शेवटच्या लेखन-छपाईसाठी. एवढे तीन नियम १९९९ साली मला सुचले असते, तर समितीने ऐकले असते की नाही कोण जाणे. पण सुचवणारा मी होऊ शकलो असतो.

बीडच्या दक्षिणेला निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे. भुयारी वाटांनी तिचे पाणी शिवारात खेळवले होते. लोक सांगतात, सरकारी खजिन्याचा पैसा विहिरीला लावला म्हणून तिचे नाव खजाना. ही गोष्ट खरी असेल तर तो चक्क एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे वळवण्याचा प्रकार झाला. ऑडिटने आक्षेप घेतलाच असता. पण चारशे वर्षांनंतर खजिना कुठे आहे? विहीर आहे.

असो. दिवाळीच्या त्या लढाईवर येतो. मी हात धुतले आणि वहिनींना म्हणालो, "वहिनी, पोरगा खरं बोलतोय. भाकरीचं आजोळ आफ्रिकेत आहे."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आजोळ म्हणता होय? मग काय हरकत नाही. आजोळ लांबच असतं."

वाद मिटला. त्या रात्री मी दादाला आणि वहिनींना फायलीची सगळी हकीकत सांगितली. दादा बराच वेळ अडकित्त्याशी खेळत बसला. मग उठून आत गेला आणि तो बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "हे तरी वाचून घे."

पुण्याला आल्यावर मी चार ठिकाणी चौकशी करून त्या बाईंचा पत्ता लावला. त्याही आता निवृत्तीला आल्या आहेत. फोनवर मी माझे नाव सांगितले, शेऱ्याबद्दल सांगितले आणि पेटीबद्दलही सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "काका, डबा उन्हात ठेवू नका. मी संक्रांतीला येते."

त्या आल्या. बरोबर फारसी शिकणारी एक विद्यार्थिनी होती. अर्जातले फारसीचे प्राध्यापक आता हयात नाहीत. आमच्या गावात उर्दू शाळेतले एक वृद्ध मास्तर जुने कागद वाचीत, तेही गेले. कागदांबरोबर वाचणारेही संपतात, हे माझ्या हिशेबात कधी आले नव्हते. शेतात हुरडा तयार होता. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजली गेली आणि बांधावर घोंगडी अंथरून त्या दोघींनी चाळीसएक कागद पाहिले.

इतिहास बदलेल असे त्यात काही निघाले नाही. कागद निजामाच्या अमदानीतले होते. एकावर मात्र बाई रेंगाळल्या. विहिरीचा गाळ काढणाऱ्या मजुरांना मजुरी म्हणून किती पायल्या ज्वारी दिली, त्याचा तो हिशेब होता. वर फारसीत मथळा आणि आकडे, खाली मोडीत नावे. दोन हात, दोन शाया. "दोघं शेजारी बसून लिहीत असणार," विद्यार्थिनी म्हणाली. मी तो कागद खूप वेळ पाहत होतो. हिशेबच होता तो. माझ्याच धंद्यातल्या कोणी दोघांनी मांडलेला.

कागदांचे नीट फोटो काढायचे, त्या मुलीने महिन्यातून दोनदा येऊन आसपासच्या गावांतली उरलेली दप्तरे पाहायची, असे ठरले. एस. टी. भाडे आणि फोटोंचा खर्च मी माझ्या पेन्शनीतून देतो. रक्कम लहान आहे. तिने सुदानची खापरे सापडणार नाहीत, की मलिक अंबरचे चरित्र लिहून होणार नाही. पण वाळवीपेक्षा चार पावले पुढे राहता येईल.

पहिल्या महिन्याचे पैसे दिले त्या संध्याकाळी मी सवयीने वही काढली. तारीख घातली, रक्कम घातली आणि बाबीच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. शिक्षण लिहावे, की दानधर्म, की प्रवास? एकतीस वर्षांच्या नोकरीचा माणूस मी. बराच वेळ तसाच बसलो.

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारले, "काय अडलं, भाऊजी?"

मी सांगितले.

"त्यात काय एवढं अडायचं?" भाकरी तव्यावर टाकून तिच्यावर पाण्याचा हात फिरवीत त्या म्हणाल्या. "भाकरीचा खर्च कशात लिहितात? घरखर्चात लिहा."

मी तसेच लिहिले.